टाकी झाली, पण पाण्याचं काय?

कुणीतरी लिहिलंय की जलजीवन या सरकारी योजनेचे नळ घरोघर आले, आता कावीळ-जुलाब आपोआप कमी होणार. माणशी रोज 55 लिटर पाणी येतंय हे मान्य, पण सगळा मुद्दा पुढच्या पाइपलाइनचा आहे. आमच्या शिरोळकडं पाणी तासभर येतं आणि बंद होतं. बंद झालं की नळीतला दाब जातो, आणि गटारीतून गेलेल्या नळीला बारीक जरी गळती असली तरी घाण आत ओढली जाते. टाकीत पाणी कितीही शुद्ध केलं तरी मग काय उपयोग? 2012 ला इचलकरंजीत काविळीची साथ आली ती आठवून बघा, ते तर शहर होतं.

टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीवर कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो. 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम, आणि पाणी सोडायच्या आधी किमान अर्धा तास थांबायचं. पण पोतं ओलीत, तोंड उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. उरतो नुसता चुना. रजिस्टरला मात्र रोजची सही! ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची तपासणी, टाकीजवळ करून उपयोग नाही. वाडीच्या शेवटच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घ्या, ओटीचे थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीन पोचलाय, रंगच आला नाही तर त्याच दिवशी जलसुरक्षकाला, म्हणजे पाणी शुद्ध करायचं काम बघणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला गाठा. ग्रामसभेत आरओच्या मशीनसाठी भांडण्याआधी हे विचारा की.