हायातो सुमिनो: मैफलीचा पियानिस्ट की यूट्यूबचा?

रानपाखरू

पाश्चात्त्य अभिजात संगीत मनापासून ऐकणारी आपली बरीच मंडळी हायातो सुमिनोचं नाव निघालं की "तो यूट्यूबवाला" म्हणून मोकळी होतात. मला हा त्याच्यावर अन्याय वाटतो. म्हणून हा धागा.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९९५, आई पियानोची शिक्षिका. मुलगा संगीत महाविद्यालयात न जाता तोक्यो विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेला आणि २०२० मध्ये तिथूनच मास्टर्स झाला. मधेच, २०१८ मध्ये, विद्यार्थी असतानाच पिटिना या जपानमधल्या मोठ्या स्पर्धेत पहिला आला. २०२१ मध्ये वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत तिसऱ्या फेरीपर्यंत पोचला. यूट्यूबवर 'कातिन' नावाने त्याचे दहा लाखांहून जास्त सदस्य आहेत. २०२३ पासून मुक्काम न्यूयॉर्कला, २०२४ मध्ये सोनी क्लासिकलचा 'ह्यूमन युनिव्हर्स' अल्बम, आणि त्याच वर्षी १४ जुलैला, आपल्या २९व्या वाढदिवशी, त्याने तोक्योचं बुदोकान हे अवाढव्य सभागृह भरवलं.

त्याचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ म्हणजे 'ट्विंकल ट्विंकल'ची सात पायऱ्यांची चढण, म्हणजे तीच चाल सोपी ते अवघड अशी सात प्रकारे. लोक त्याला पोरखेळ म्हणतात. पण याच चालीवर मोझार्टने बारा व्हेरिएशन्स (त्याच चालीची बदलती रूपं) लिहिली आहेत आणि ती आपण आदराने ऐकतो. मोझार्ट, बेथोव्हन, शोपँ, सगळे जागेवर रचून वाजवणारे. कंचेर्तोतला (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेतला) कादेन्झा, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, ही तर वादकाने स्वतःची उपज दाखवायची हक्काची जागा होती. पुढे तिथेही छापील सुरावट आली. सुमिनो गर्श्विनच्या 'ऱ्हाप्सडी इन ब्लू'मध्ये स्वतःचा कादेन्झा घेतो, मधेच खेळण्यातला पियानो आणि तोंडाने फुंकायची पियानिका काढतो. माझ्या मते तो परंपरा मोडत नाही, तिचा बंद पडलेला भाग परत सुरू करतोय.

मंद्र

असहमत, आणि जोरदार.

तिसरी फेरी म्हणजे शेवटचे २३. अंतिम फेरीत १२ जण गेले, त्यात हा नव्हता. त्याच वर्षी क्योहेई सोरिताला दुसरं बक्षीस विभागून मिळालं आणि आइमी कोबायाशीला चौथं. या फेरीत मझुर्कांचा (तीन मात्रांच्या पोलिश नाचावरच्या शोपँच्या रचनांचा) पूर्ण संच वाजवावा लागतो. तिथे वेग, बोटांची तयारी काही कामाला येत नाही. तीन मात्रांतली दुसरी किती रेंगाळायची, तिसरीवर वजन किती द्यायचं, यावर माणूस पारखला जातो.

उगवता जपानी पियानिस्ट हवाय ना? मग माओ फुजिताबद्दल बोला. जन्म १९९८. २०१७ मध्ये क्लारा हास्किल स्पर्धा जिंकली, २०१९ मध्ये मॉस्कोत चायकोव्हस्की स्पर्धेत दुसरा. एवढं झाल्यावर दुसरा कुणी रखमानिनॉफच्या टाळ्या घेणाऱ्या रचना घेऊन जगभर फिरला असता. याने मोझार्टचे १८ सोनाटे (अनेक भागांच्या मोठ्या रचना) हातात घेतले, स्वित्झर्लंडमधल्या व्हर्बिएच्या महोत्सवात सलग सादर केले, मग रेकॉर्ड केले. बक्षीस खिशात असताना बर्लिनला जाऊन पियानिस्ट किरिल गेर्श्टाइनकडे परत शिकायला बसला. २०२४ च्या प्रॉम्समध्ये, म्हणजे लंडनच्या उन्हाळी संगीत महोत्सवात, चेक फिलहार्मोनिकबरोबर द्वोर्झाकचा पियानो कंचेर्तो वाजवला. ही रचना हाताला अवघड आणि त्या मानाने टाळ्या कमी, म्हणून बहुतेक जण तिच्या वाटेला जात नाहीत. कारकीर्द अशी बांधतात.

आणि बुदोकान! १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोसाठी बांधलेली वास्तू. तिथे हजारो लोकांपर्यंत पियानो पोचतो तो स्पीकरमधून. मग मंद स्वर किती मंद हे वादक नाही, साउंडवाला ठरवतो. तोक्योच्याच सनटोरी हॉल या मैफलीच्या सभागृहात २००६ खुर्च्या आहेत आणि शेवटच्या रांगेपर्यंत स्वर स्वतःच्या पायाने चालत जातो.

रानपाखरू

मंद्र, फुजिता मलाही अतिशय आवडतो. पण एकाला मोठं करायला दुसऱ्याला छोटं का करायचं?

बुदोकानचं म्हणाल तर १९६६ मध्ये तिथे बीटल्स आले तेव्हाही पवित्र वास्तू बाटली म्हणून निदर्शनं झाली होती.

माइकचा मुद्दा खरा आहे, पण अर्धा. सुमिनो ग्रँड पियानोशेजारी एक अपराइट (घरगुती उभा पियानो) ठेवतो. त्याच्या तारा आणि हातोड्या यांच्यामध्ये फेल्टचं जाड कापड असतं आणि माइक अगदी आत. त्यावर तो हळू वाजवतो तेव्हा पट्टी खाली जातानाची खटखट, पेडल सुटतानाचा श्वासासारखा आवाज, सगळं ऐकू येतं. हा नाद माइकशिवाय पाचव्या रांगेलाही मिळाला नसता. इथे माइक हा वाद्याचाच भाग आहे.

आणि तो माइकशिवाय वाजवत नाही असंही नाही. २०२२ मध्ये कंडक्टर मॅरिन ऑल्सप आणि पोलिश रेडिओच्या ऑर्केस्ट्राबरोबर त्याने जपानभर शोपँचा पहिला कंचेर्तो वाजवला.

शिबुया_लोकल

तोक्योत राहते, म्हणून इथलं सांगते. जपानमध्ये एक काळ असा होता की मध्यमवर्गीय घरात मुलीसाठी पियानो यायचाच. यामाहा आणि कावाई, दोन्ही हामामात्सुच्या कंपन्या, त्यावर मोठ्या झाल्या. आता मुलंच कमी जन्मतात. दुपारच्या मैफलीला गेलं की सभागृहात बहुतेक पांढरे केस.

सुमिनोच्या कार्यक्रमाला गणवेशातली शाळकरी मुलं दिसतात, ऑफिसमधून थेट आलेले पुरुष दिसतात. माझ्या दोन सहकारी त्याच्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा पियानो ऐकायला गेल्या. एक आता फुजिताची तिकिटं शोधत असते. दुसरी फक्त सुमिनोलाच जाते, शोपँ दुसऱ्या कुणी वाजवला तर तिला घेणं नाही. त्यामुळे "याच्यामुळे नवा श्रोता घडतो" हे मी अर्धंच मान्य करेन.

काळी_पाच

पुण्यात पियानो शिकवते. मंद्रदादा, तुमच्या बाजूने एक मुद्दा. मुलं तो ट्विंकलचा व्हिडिओ बघून येतात आणि सातवी पायरी मागतात. स्केल्स (सप्तकाचा सराव) नकोत, बाखची इन्व्हेन्शन (दोन हातांच्या सरावाची छोटी रचना) नको. डाव्या हाताची चौथी-पाचवी बोटं अजून एकमेकांना सोडत नाहीत आणि उड्या मारायच्या असतात ऑक्टेव्हच्या, म्हणजे अख्ख्या सप्तकाच्या.

मी त्यांना तोच व्हिडिओ निम्म्या वेगाने दाखवते. सातव्या पायरीतही मनगट किती सैल आहे, चाल वरच्या स्वरात कशी स्वच्छ राहते, हे त्यात दिसतं. ते यूट्यूबने शिकवलेलं नाही. लहानपणापासूनची शिस्त आहे, पुढे जाँ-मार्क लुइसादांसारख्या शोपँच्या जाणकाराकडे घेतलेले धडे आहेत. त्याच्यावर राग नाही माझा. पण ही मागची वर्षं व्हिडिओत दिसत नाहीत, आणि तेवढ्यापुरतं माझं काम वाढतं.

मंद्र

काळी_पाच, नेमकं बोललात. रानपाखरू, ऑल्सपबरोबरचा शोपँ मी विसरलो नाही. त्याला वाजवता येत नाही असं मी म्हणतच नाहीये. माझी तक्रार उलटी आहे. एवढा हात असताना 'ह्यूमन युनिव्हर्स'मध्ये काय आहे? राव्हेलचा बोलेरो स्वतः पियानोवर बसवलेला, स्वतःच्या रचना, छोटे छोटे तुकडे. सुंदर आहेत. पण अखंड सोनाटा एकही नाही. सोनीसारखी कंपनी पाठीशी आहे, तिकिटं हातोहात खपतात. मग त्याच श्रोत्यांना शूबर्टच्या शेवटच्या सोनाट्यासमोर चाळीस मिनिटं बसवायला काय हरकत आहे? ते बसतील, कारण त्यांचा त्याच्यावर विश्वास आहे. फुजितापाशी इतकी गर्दी नाही. सुमिनोपाशी आहे, म्हणून मागणं त्याच्याकडे.

रानपाखरू

शूबर्ट मलाही त्याच्याकडून ऐकायचाय, यात वाद नाही. फक्त त्या संध्याकाळी त्याने मध्यंतरानंतर अपराइटवर बसून स्वतःचं काही वाजवलं, तर तुम्ही उठून जाऊ नका.