ह्युमिडॉर, सादळणे आणि कोरडं पडणे

प्रश्न

सिगार ठेवायच्या लाकडी पेटीच्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय. 'ह्युमिडॉर'पाशीच गाडी अडली. 'आर्द्रतापेटी' लिहिलं तर हवामान खात्याचं उपकरण वाटतं. पेटीचं काम एवढंच: आतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंशांच्या आसपास राखायचं. फार खाली गेली तर सिगारचं वरचं पान तडकतं, वर गेली तर बुरशी धरते. पुढे 'सीझनिंग' (सिगार ठेवण्याआधी नवी पेटी तयार करणं) आणि 'ड्राय आउट'ही आहेत. सुचवा.

प्रतिसाद १

'ओलपेटी' करा की. पानवाला विड्याची पानं ओल्या फडक्यात ठेवतो, तसंच ना?

प्रतिसाद २

तसंच नाही हो, घोळ इथेच होतो. विड्याच्या पानाला ओल हवी. सिगारला ओल लागली की तो संपला. ओल भिंतीला येते, हात लावला की गार लागते. दमट असते ती हवा. 'सर्द' हा फारसीत नुसता थंड होता, मराठीत येऊन त्याला पाणीही सुटलं: सर्द जमीन, सर्द खोली. पेटीतली हवा दमट हवी, तीही बेताची.

आणि तुम्ही न विचारलेला, पण तुम्हाला लागणारच असा शब्द म्हणजे सादळणे. आम्ही रत्नागिरीचे, जुलैत आमच्याकडे माणसं सोडून सगळं सादळतं. काडेपेटीची काडी घासली की गुलाचा नुसता लगदा होतो, पेटत नाही. जास्त दमट हवेत राहिलेल्या सिगारचं हेच होतं: बोटांना मऊ लागतो, फुगतो, ओढायला जड जातो, मध्येच विझतो. काकांना कुणीतरी भेट दिलेले सिगार त्यांनी मे महिन्यात फडताळात ठेवले. गणपतीत डबा उघडला तर वर पांढरी लव!

प्रतिसाद ३

'सिगार'ऐवजी 'चिरूट' चालेल का?

प्रतिसाद २

नको. चिरूट आला तमिळ 'सुरुट्टु'वरून, म्हणजे गुंडाळलेलं. त्याची दोन्ही टोकं कापलेली असतात. सिगारचं ओठांकडचं टोक बंद असतं, ओढण्याआधी कापावं लागतं.

प्रतिसाद ४

माझी आजी सोलापुरात विड्या वळायची. टेंभुर्णीची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, नाहीतर कातरताना मोडायची. वळून झालेल्या विड्या मात्र कारखान्यात शेकून कोरड्या करतात. सिगारचं उलट, त्याचं पान ओढेपर्यंत लवचीक राहायला हवं.

'ड्राय आउट'ला 'वाळणे' घेऊ नका. वाळवणं आपण मुद्दाम घालतो. घसा कोरडा पडतो, तसा सिगार कोरडा पडतो.

प्रश्नकर्ता

कोरडं पडणे, घेतलं! सीझनिंगला 'मुरवणे' कसं वाटतं? की 'दमट'वरून 'पेटी दमवणे'?

प्रतिसाद ५

दमवणे लिहिलंत तर गिऱ्हाईक पेटी घेऊन जिने चढेल. आणि मुरतो तो सिगार, लोणच्यासारखा, पेटी नाही.

आतलं लाकूड बहुतेक वेळा 'स्पॅनिश सीडर' असतं. नाव फसवं आहे: झाड ना स्पेनचं, ना देवदाराच्या जातीचं. ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, कडुनिंब आणि महोगनीच्या कुळातलं. हे लाकूड कोरडं असेल तर पेटीतला दमटपणा आधी स्वतः पितं आणि मग सिगारांतलाही ओढून घेतं. म्हणून सिगार ठेवण्याआधी आत डिस्टिल्ड पाण्याची वाटी ठेवून पेटी काही दिवस बंद करतात. नवा माठ पाणी पितो म्हणतो ना आपण? तेच क्रियापद वापरा: 'लाकडाला आधी पाणी पिऊ द्या.' फक्त 'आत पाणी ओतू नका' हे ठळक अक्षरांत छापा.

प्रतिसाद २

माहितीपत्रकात आर्द्रतामापक तपासायची मिठाची युक्ती असेलच. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चिखल होईल इतकेच पाण्याचे थेंब टाकायचे, मीठ विरघळू द्यायचं नाही. मापकासकट हवाबंद डब्यात दिवसभर ठेवलं की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. काटा ७० वर असेल तर तो ५ ने कमी दाखवतोय. 'मिठाला पाणी सुटणे' म्हणतो ते याच आकड्याच्या वर. आमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटलं, म्हणजे उघड्यावरचे सिगार गेले समजा.

प्रश्नकर्ता

'ह्युमिडॉर' तसाच ठेवला आणि पहिल्या वाक्यात फोड केली: 'सिगार सादळू नयेत आणि कोरडेही पडू नयेत म्हणून केलेली पेटी.' मजकूर आज परत आला. तपासणाऱ्यांनी 'सादळू'खाली लाल रेघ मारून विचारलंय, हा शब्द प्रमाण आहे का?

प्रतिसाद २

त्यांना आमच्याकडची एक काडेपेटी पाठवतो. जुलैतली.