पैसा एकाच जिवाला वाचवण्यापुरता असेल तर: गाणारा पक्षी की पतंग?

टेकडीकर: ऑस्ट्रेलियातली जोडी घ्या. रीजंट हनीईटर हा गाणारा पक्षी, रानात चारशेच्या आत उरलाय. दुसरा गोल्डन सन मॉथ, गवताळ माळावरचा दिवसा उडणारा पतंग. माझं मत पतंगाला. त्याच्या अळ्या वॉलबी गवताची मुळं खातात. माळ नांगरला नाही, वर घरं उठली नाहीत, की निम्मं काम झालं. पक्ष्याची पिल्लं १९९५ पासून प्राणिसंग्रहालयात वाढवतायत, तरी तो सावरलेला नाही.

कोथरूडचा बुलबुल: का सावरला नाही तेही बघा की! पिल्लू गाणं बापाकडून नाही, इतर प्रौढ नरांकडून शिकतं. नरच विरळ झाले, मग ते भलत्याच पक्ष्याचं गाणं उचलतं. २०२१च्या अभ्यासात १२ टक्के नर असे निघाले, आणि त्यांची जोडी जमणं अवघड. पिंजऱ्यातल्या पिल्लांना नुसतं रेकॉर्डिंग पुरलं नाही, रानातला नर सोबत ठेवावा लागला. हे काम आज थांबलं तर गाणं गेलंच. पतंगाला शिकवणी लागत नाही, तो थांबू शकतो.

गवत्या: कसला थांबतोय! मादी धड उडत नाही, नर आपलं गवत सोडून शंभरेक मीटरपलीकडे जात नाही. मध्ये रस्ता झाला की पलीकडचा तुकडा तुटलाच.

कोथरूडचा बुलबुल: मग २०२१ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत पतंगाला 'अतिसंकटग्रस्त'वरून दोन पायऱ्या खाली, 'असुरक्षित'मध्ये का आणलं?

गवत्या: शोधल्यावर नव्या जागा सापडल्या म्हणून. मोजणीच किचकट आहे. प्रौढ पतंगाला खायला तोंडच नाही, जगतो जेमतेम दोन-चार दिवस. ऊन कडक हवं, वारा पडलेला, पाऊस होऊन दोन दिवस उलटलेले, आणि वेळ साधारण दहा ते दोन. एकाच फेरीत शून्य आलं म्हणून 'इथे नाही' लिहिणं म्हणजे शुद्ध आळस. आठवड्याच्या अंतराने निदान चार फेऱ्या हव्यात.

टेकडीकर: शिवाय नुसतं कुंपण घालून चालत नाही. मादी गवताच्या झुबक्यांमधल्या उघड्या मातीवर बसून नारिंगी पंख दाखवते. गवत दाटलं की ती जागाच बुजते, म्हणून हलकी कापणी किंवा चराई लागते.

कोथरूडचा बुलबुल: म्हणजे 'निम्मं काम झालं' तुम्हीच खोडलंत. आणि पुण्यात पतंगासाठी देणगी मागून दाखवा. सिंहगडच्या उतारावरचा रुंद शेपटीचा गवतपक्षी पुढे करा, त्याच्या नावावर गवत वाचेल, पतंगही वाचतील.

गवत्या: गवत वाचेल? इथे टेकडीवर गवत दिसलं की लोक खड्डे खणून गिरिपुष्पाची परदेशी झाडं लावतात, पक्ष्यांसाठी म्हणूनच.