मदत हवी आहे : काल्पनिक जगाच्या नकाशावरील खुणा जागेवर बसत नाहीत
नमस्कार. माझ्या कादंबरीतील काल्पनिक द्वीपसमूहाचा, हाताने रंगवलेला नकाशा मी १६३८४ × १६३८४ पिक्सेलमध्ये स्कॅन केला आणि त्याचे २५६ पिक्सेलचे चौकोनी तुकडे पाडून तो लीफलेट या वेब-नकाशांच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, साध्या सपाट निर्देशांकांच्या सीआरएस.सिंपल पद्धतीने बसवला. सहाव्या झूम-पातळीवर ४०९६ तुकडे होऊनही तो सुरळीत सरकतो. अडचण खुणांची आहे. चित्रातील उभे अंतर वरून खाली मोजले जाते, लीफलेटमध्ये ते वरच्या दिशेने वाढते, त्यामुळे पिक्सेलच्या संख्यांना ६४ ने (सहाव्या पातळीवर नकाशा शून्य पातळीच्या ६४ पट मोठा असतो म्हणून) भागूनही माझी सारी बंदरे नकाशाच्या वर, रिकाम्या जागेत तरंगतात (जग जादूचे असले तरी हे अपेक्षित नव्हते). प्रत्येक बिंदू लीफलेटच्या अनप्रोजेक्टने (पिक्सेलचे स्थान नकाशाच्या निर्देशांकांत बदलणारे फंक्शन) बदलून घ्यावा, की स्वतःची निर्देशांक-पद्धत लिहावी? पुढे शेकडो गावे जिओजेसन या, स्थळांची माहिती साठवणाऱ्या फाइल-प्रकारातून आणायची असल्याने, असे काम केलेल्यांनी कोणता मार्ग निवडला आणि का, ते कृपया सांगावे.