मदत हवी आहे: हायड्रा ‘नॉइज’ला गोंगाट समजून दाबतंय का?

हायड्रा (ब्राउझरमध्ये कोडने थेट चित्रं घडवणारं साधन) आवाजावर चालवायचंय. सुपरकोलायडरमध्ये (कोडने आवाज घडवणारा प्रोग्राम) व्हाइट नॉइज, म्हणजे सलग खरखर, बँडपास फिल्टरमधून (फ्रिक्वेन्सींचा ठरावीक पट्टाच सोडणारा) काढलाय: मधली फ्रिक्वेन्सी २०० ते ४००० हर्ट्झमध्ये सावकाश फिरते, आरक्यू (त्या पट्ट्याची सापेक्ष रुंदी) ०.१. आवाज व्हर्च्युअल केबलने क्रोमकडे जातो. हायड्रात ४ बिन्स (फ्रिक्वेन्सींचे गट, पडद्यावर प्रत्येकाची एक पट्टी), स्मूथ (चढउतार मऊ करणं) ०.८, आणि पहिल्या बिनवर मॉड्युलेटचं (चित्र वाकवण्याचं) प्रमाण. (आकडा अ‍ॅरो फंक्शनमध्येच आहे, त्यामुळे तो एकदाच वाचून थिजण्याचा प्रश्न नाही.)

अडचण अशी: नॉइज सुरू होताच पट्ट्या उसळतात, पण काही सेकंदांत तळाला बसतात. आवाज तेवढाच, चित्र मात्र मेलेलं. साइन वेव्ह तुटक तुटक दिली की पट्ट्या नीट नाचतात. म्हणजे ब्राउझरचं नॉइज सप्रेशन सलग खरखर ‘पार्श्वभूमी’ म्हणून गाळतंय, असा दाट संशय आहे. हायड्रातला कटऑफ (आवाजाची किमान पातळी) कमी करून आणि स्केल (वरची मर्यादा) बदलून उपयोग नाही. सिग्नलच पोचत नाही तर वाढवणार काय?

हायड्राचा मूळ कोड न बदलता नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन, ऑटो गेन हे तिन्ही बंद करता येतात का? की सुपरकोलायडरमध्येच अँप्लिट्यूड मोजून सेकंदाला ३० वेळा ओएससीने (प्रोग्रामांमध्ये आकडे पाठवण्याची पद्धत), वेबसॉकेट (ब्राउझरशी सतत चालू जोडणी) पुलावरून पाठवणं बरं? प्रत्यक्ष मंचावर, तासभर चालणाऱ्या इम्प्रोव्हायझेशनमध्ये यातलं काय टिकतं ते कृपया सांगा.