फिरत्या निरीक्षणांसाठी हवामान-उपकरणे: सल्ला हवा आहे

नमस्कार. पुण्यातील एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. यंदा पदव्युत्तर वर्गाला हवामानशास्त्राचे प्रात्यक्षिक सुरू होत असून, साठ हजार रुपयांत बसतील अशी उपकरणे सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गच्चीवर एक स्वयंचलित केंद्र बसवून मोकळे व्हावे, असे विभागातील काही जणांचे मत आहे. पण ते केंद्र पहिल्या आठवड्यानंतर कोणी पाहायला जात नाही, हा अनुभव असल्यामुळे वीस विद्यार्थ्यांनी उपकरणे हातात घेऊन बाहेर पडावे, असे मला वाटते. डोळ्यांसमोर दोन निरीक्षणे आहेत. हिवाळ्यात पहाटे उपनगरातल्या पाषाणहून शहराच्या मध्यातल्या मंडईपर्यंत दुचाकीवरून तापमान नोंदवत जायचे, आणि सिंहगड चढताना दाब, तापमान व आर्द्रता टिपायची. हातात धरायचे केस्ट्रेलसारखे एकच चांगले यंत्र घ्यावे, की सुटे संवेदक आणून चार-पाच संच स्वतः जोडावेत?

प्रतिसाद १

दोन्ही घ्या, पण पैसा आकड्यांच्या अचूकतेआधी सावलीवर आणि वाऱ्यावर खर्च करा. मी विद्यार्थी असताना आम्ही संवेदक एका काळ्या डबीत घालून स्कूटरच्या हँडलला बांधला होता आणि पहाटेऐवजी सकाळी दहाला निघालो होतो. आलेखावर सुंदर शिखरे आली. शहरातील उष्ण पट्टे सापडले म्हणून आम्ही खूश झालो. नंतर वेळा जुळवून पाहिल्या, तेव्हा प्रत्येक शिखर एकेका सिग्नलचे निघाले. गाडी थांबली की डबीतील हवा थांबे, ऊन मात्र थांबत नसे. म्हणून संवेदक पांढऱ्या पीव्हीसी नळीत बसवा आणि नळीच्या मागच्या टोकाला संगणकातला छोटा पंखा हवा बाहेर ओढेल असा लावा. सगळा संच इंजिनपासून दूर आणि चालकाच्या अंगापुढे असू द्या.

दुसरी गोष्ट संवेदकाच्या आळसाची. तापमान एकदम बदलले, तर त्या बदलाचा सुमारे दोन तृतीयांश भाग दाखवायला एखादा संवेदक एक मिनिट घेत असेल आणि तुम्ही ताशी वीस किलोमीटरने जात असाल, तर तेवढ्यात गाडी ३३० मीटर पुढे गेलेली असते. मुठा नदीवरचा पूल तोवर केव्हाच मागे पडलेला असतो, म्हणजे ज्या गारव्यासाठी निघालात तोच पुसला जातो. प्लॅस्टिकच्या जाड कवचातले संवेदक यासाठी निरुपयोगी आहेत. उघडा, बारीक थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा संवेदक) घ्या. आर्द्रतेला एसएचटी३१ हा संवेदक पुरेसा आहे.

निघालात तिथेच परत येऊन शेवटची नोंद घ्या. पाच वाजता ११.४ अंश आणि सहा वाजता त्याच जागी १०.८ अंश असतील, तर मधल्या तासातली ०.६ अंशाची घट मार्गामुळे नसून वेळेमुळे आहे. ती वेळेच्या प्रमाणात प्रत्येक नोंदीत मिळवल्याशिवाय पाषाण आणि मंडई यांची तुलना करता येत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार, सिग्नलचा किस्सा वर्गात नक्की सांगेन. सिंहगडासाठी दाबमापक निराळा घ्यावा लागेल का?

प्रतिसाद २

निराळा नको, पण एकाच प्रकारचे दोन हवेत. बीएमई२८० हा स्वस्त संवेदक दाब साधारण एक हेक्टोपास्कलच्या आत बरोबर दाखवतो. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि गडमाथा सुमारे १३०० मीटरवर असल्यामुळे दोन्हींच्या दाबात ८० हेक्टोपास्कलच्या आसपास फरक पडतो; तो मोजायला हा संवेदक भरपूर झाला. अडचण वेगळीच आहे. आपल्या अक्षांशावर दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, आणि स्वच्छ दिवशी या दोहोंत तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक असतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे इथे साधारण नऊ मीटर उंची. सकाळी दहाला पायथ्याशी यंत्र शून्यावर लावून निघालेली तुकडी दुपारी चारला पुन्हा पायथ्याशी आली, तर यंत्राच्या हिशेबाने ती पायथ्यापेक्षा तीसेक मीटर वर उभी असते! म्हणून एक संच आणि दोन विद्यार्थी दिवसभर पायथ्याशी बसवा (पिठलं-भाकरीची लालूच दाखवावी लागेल), आणि गडावरच्या प्रत्येक नोंदीतून त्याच क्षणीची पायथ्याची नोंद वजा करा.

शिवाय हाताने फिरवायचे दोन सायक्रोमीटर (एक कोरडा आणि एक ओले फडके गुंडाळलेला, अशा दोन तापमापकांची जोडी) जरूर घ्या. आमच्याकडे मुले त्याला खुळखुळा म्हणत, पण ओल्या फडक्यावरून वारा गेला की पारा का उतरतो, हे पडद्यावरचा आकडा कधीच शिकवत नाही. ऊर्ध्वपातित पाणी वापरा आणि ओला पारा आधी वाचा. या दोन पाऱ्यांवरून आर्द्रता काढायचे तक्ते बहुधा १००० हेक्टोपास्कलसाठी असतात. पुण्यात दाब ९५० च्या आसपास असतो, पण त्याने फारसे बिघडत नाही. कोरडा ३४ आणि ओला २२ अंश असताना सापेक्ष आर्द्रतेत जेमतेम एक टक्क्याचा फरक पडतो.

प्रतिसाद ३

ड्रोन किंवा दोरीचा फुगा यांचा मोह यंदा टाळावा, असे सुचवतो. लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी यांच्यामुळे परवानग्यांतच सत्र संपेल.

धागाकर्ती

तसेच करीन. शेवटचा प्रश्न: पाच संच जोडले, तर ते एकमेकांशी जुळतात हे कसे तपासावे?

प्रतिसाद १

पाचही संच पंखे चालू ठेवून एका खोलीत रात्रभर शेजारी-शेजारी ठेवा, दर मिनिटाला नोंद घ्या आणि प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक त्या संचावरच चिकटपट्टी लावून लिहा. आर्द्रतेसाठी लोणच्याची रिकामी बरणी घ्या. तळाशी मीठ टाकून त्यात इतकेच पाणी घाला की दाट चिखल व्हावा, पण मीठ पूर्ण विरघळू नये. संवेदक चिखलाला न टेकता वर लोंबकळत ठेवून झाकणाची फट मेणाने बुजवा. पाच-सहा तासांनी आतली हवा सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते, मग खोलीत पावसाळा असो वा वैशाख. बरणी आधी साबणाने नीट धुऊन घ्या. आमच्या एका संवेदकाला सत्र संपेपर्यंत मोहरीचा वास येत होता.