वटवाघळं, उंबराचं झाड आणि कोरोनाची ‘संशयित’ यादी: पटतं का?

निफाडचा_बागायतदार: मळ्यातल्या उंबरावर वटवाघळांची वसाहत आहे, आजोबांपासूनची. सकाळी झाडाखाली चघळून थुंकलेले चोथे पडलेले असतात, तेवढाच त्रास. परवा कुणीतरी ग्रुपवर टाकलं की कॉम्प्युटरने कोरोना पसरवू शकणारे प्राणी शोधून काढलेत, त्यात वटवाघळं, झालं, संध्याकाळी शेजारी दारात, काका धूर करा नाहीतर झाड तोडा. असल्या याद्या बाहेर काढूच नयेत. 2021 मध्ये अमेरिकेत हरणांमध्ये कोविडच्या अँटीबॉडी सापडल्या, तो व्हायरस माणसांकडूनच गेलेला ना? मग यादीत पहिलं नाव आपलं पाहिजे.

मायक्रोबायोवाली: शेजाऱ्याचा राग यादीवर काढताय काका. व्हायरस पेशीत शिरतो तो एसीई2 नावाच्या प्रोटीनला चिकटून. ते कुणात माणसासारखं आहे ते पाहिलं की टेस्टिंग कुठून सुरू करायचं ते कळतं, सगळं जंगल कोण तपासणार? 2020 मध्ये असे 410 प्राणी पाहिले, त्यात तेच पांढऱ्या शेपटीचं हरीण वरच्या गटात होतं!!

गंगापूररोडकर: आणि मिंक, फरसाठी फार्मवर पाळतात ते छोटं जनावर? त्याच अभ्यासात मिंकची अख्खी जमात तळाला होती, आणि त्याच वर्षी डेन्मार्कने फार्मवरचे दीड कोटीच्या वर मिंक मारले. कुलूप बघून चोर ओळखायचा प्रकार आहे हा. पिंजऱ्याला पिंजरा लावून हजारो जनावरं कोंडली तर काय होणार, त्याला कॉम्प्युटर कशाला लागतो.

मायक्रोबायोवाली: बरोबर, ते चुकलं. म्हणूनच पुढच्या वर्षीच्या मॉडेलात प्रोटीनबरोबर प्राण्यांचे बाकीचे गुणही धरले आणि 5400 जाती तपासल्या. व्हायरसही बदलतो, मूळचा घरातल्या उंदरांना लागत नव्हता, त्याचा बीटा हा बदललेला प्रकार लागायला लागला. यादी जुनी होते हो, पण नकोच कशी म्हणता? महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह व्हायरसच्या अँटीबॉडी आहेत हे पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, आपणहून तपासलं म्हणून कळलं. आणि धूर अजिबात नको, उठून तुमच्याच पॅकिंग शेडमध्ये येतील.

सिन्नरी: बिबट्या आहे का यादीत? आमच्या उसात आहे 😄

निफाडचा_बागायतदार: टेस्टिंगचं पटलं ताई. पण ग्रुपवर येईपर्यंत टेस्टिंग गळून पडतं आणि वटवाघूळ तेवढं उरतं, त्याचं काय? झाड काही तोडत नाही मी. खाली पडलेले उष्टे पेरू शेळ्यांना टाकायचो ते मात्र कालपासून बंद केलंय.